लाकडी चेहऱ्यांची तलवारबाजी

धो धो पाऊस पडतोय. रस्त्याकडेला एक दगडी बुद्धमूर्ती आहे आणि कुणा भाविकाने तिच्या डोक्यावर छत्री लावून ठेवलीय. एक भिजलेला, कंटाळलेला वाटसरू येतो, दगडाच्या मूर्तीला कसला पाऊस नि कसलं काय असा हिशेब करतो आणि छत्री काढून घेतो. जवळच एक देखणा, पांढऱ्या केसांचा माणूस लांब नळीची चिलीम ओढत बसलेला असतो. तो हटकतो. बुद्धाकडून उसनी घेतलीस ना, मग फेडही कर. पुढे वाटेत जो पहिला भेटेल त्याच्यावर दया कर, म्हणजे हिशेब मिटला. वाटसरू वैतागून पुढे निघतो. आणि पहिली भेटते ती जीव मुठीत धरून पळणारी एक मुलगी, मागे तिच्या जिवावर उठलेले लोक.

छत्रीची उधारी फेडता फेडता या गृहस्थाच्या गळ्यात एक अख्खी लढाई येऊन पडते. वाटसरूचं नाव शांग बु हुआन, चिलीमवाल्याचं लिन श्वे या, मुलीचं दान फेई. आणि तिघंही बाहुल्या आहेत.

ही ‘थंडरबोल्ट फँटसी’ या मालिकेची सुरुवात. २०१६ च्या जुलैत ती सुरू झाली, पहिल्या पर्वाचे १३ भाग झाले. पुढे २०१८, २०२१ आणि २०२४ मध्ये आणखी तीन पर्वं आली, मधल्या काळात दोन चित्रपट आले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत शेवटच्या चित्रपटाने गोष्ट मिटली. लेखक जपानी, बाहुल्या आणि त्या नाचवणारे हात तैवानचे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बारा वर्षांच्या भाचीला पहिला भाग दाखवला. ती अ‍ॅनिमेवर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनवर, वाढलेली. पहिली काही मिनिटं नुसती खुदुखुदु हसत होती. ‘मामा, या बाहुल्या आहेत!’ मग दान फेईच्या भावाला खलनायकाने मारलं आणि हसणं थांबलं. भाग संपल्यावर ती म्हणाली, ‘तिचं तोंड तर धड हलतच नव्हतं. मग ती रडतेय असं मला का वाटलं?’

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. नीट उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, कारण त्यासाठी आधी हातातली कला समजून घ्यावी लागते.

या नाट्यप्रकाराला चिनी भाषेत ‘बुदाइशी’ म्हणतात आणि तैवानच्या घराघरांतल्या होक्कियन बोलीत ‘पो-ते-ही’. शब्दशः अर्थ, कापडी पिशवीचं नाटक. बाहुलीचं अंग म्हणजे खरोखर एक पिशवीच असते. तिला वर लाकडी डोकं, बाजूला दोन हात आणि खाली लोंबणारे पाय जोडलेले. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी खेळवतात त्या कळसूत्री बाहुल्या, म्हणजे वरून दोऱ्यांनी हलणाऱ्या. बुदाइशीत दोरी नाही. माणसाचा हातच बाहुलीच्या पोटात जातो.

करून बघा. उजव्या हातावर एक रुमाल टाका. तर्जनी सरळ वर, ती झाली मान. अंगठा हा एक हात, आणि मधलं बोट, त्याच्या सोबतीला उरलेली दोन, हा दुसरा हात. आता तर्जनीचं फक्त वरचं पेर किंचित पुढे वाकवा. बाहुलीने मान डोलावली. मनगट डावी-उजवीकडे हळूच हलवा, ती चालायला लागली. अंगठा आणि मधलं बोट जवळ आणा, तिने नमस्कार केला. तर्जनी ताठ ठेवून बाकी हात सैल सोडणं मात्र जमणार नाही. पाच मिनिटांत तळहात भरून येतो. या कलेत पोरं लहानपणापासून शिकायला बसतात ती याचसाठी, बोटं एकमेकांपासून सुटी व्हावी म्हणून.

पारंपरिक बाहुली साधारण एक फुटाची. एवढीशी, पण ती खिडकीतून उडी मारते, हवेत कोलांटी घेऊन दुसऱ्या हातावर उतरते, काठीवर थाळी फिरवते. हवेत फेकलेली बाहुली पुन्हा बोटात झेलायची म्हणजे एखादा मोजा उडवून तो हातात घातलेल्या अवस्थेतच पकडण्यासारखं आहे.

या कलेच्या जन्माची एक दंतकथा सांगतात, ती मला फार आवडते. चीनच्या फुजियान प्रांतातल्या चुआनचौ गावी लियांग बिंग-लिन नावाचा विद्वान होता. राजदरबाराची परीक्षा द्यायला निघाला, वाटेत देवळात मुक्काम केला, तर स्वप्नात दृष्टांत झाला : तुझी कीर्ती तुझ्या तळहातावर आहे. गडी खूश. निकाल लागला तर नापास. हिरमुसून घरी आला, शेजाऱ्याच्या दोरीच्या बाहुल्या बघून स्वतः एक छोटी बाहुली केली आणि सरळ हातात घालून खेळवली. पंचक्रोशीत नाव झालं, तेव्हा कुठे दृष्टांताचा अर्थ लागला. दंतकथाच आहे. पण फुजियानमधून ही कला स्थलांतरितांसोबत समुद्र ओलांडून तैवानला गेली, हा इतिहास आहे.

आता भाचीच्या प्रश्नाकडे.

बाहुलीचा चेहरा बदलत नाही. कॅमेऱ्यासाठी केलेल्या काही डोक्यांमध्ये पापण्या मिटायची, फार तर तोंड किंचित हलायची सोय असते, तेवढंच. त्यामुळे चेहरा कोरणाऱ्या कारागिराला एकाच चेहऱ्यात सगळं बसवावं लागतं : हसू, संताप, थकवा, कपट. या कारागिरीत ‘पाच आकार, तीन हाडं’ असा एक ठोकताळा आहे. पाच आकार म्हणजे दोन डोळे, दोन नाकपुड्या आणि तोंड. तीन हाडं म्हणजे भुवईचं, गालाचं आणि जबड्याचं. ही उंचवट्यांची आणि खळग्यांची मांडणी जमली, तर तोच चेहरा खाली झुकला की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि तो दुःखी दिसतो. थोडा वर उचलला की गालावर उजेड येतो आणि तो गर्विष्ठ दिसतो. चेहरा हलला नाही. उजेड हलला.

बाकीचं काम शरीर करतं. बोलणारी बाहुली प्रत्येक वाक्यासोबत मान आणि खांदे किंचित हलवते. ऐकणारी स्तब्ध उभी राहते. प्रेक्षकाला दोन मिनिटांत ही भाषा कळते आणि कोण बोलतंय हे ओठांकडे न बघता समजू लागतं. रडणं दाखवायचं तर खांदे दोनदा थरथरतात, बाही चेहऱ्याजवळ येते आणि मान बाजूला वळते. बस. भाचीला जे अश्रू दिसले, ते पडद्यावर नव्हते. ते तिने स्वतः तिथे ठेवले. खरा नट रडला की आपण त्याचं रडणं बघतो, बरं-वाईट ठरवतो. बाहुली अर्ध्यावर थांबते, आणि उरलेलं अर्धं आपल्याला भरावं लागतं. जे आपण भरतो त्याला आपण खोटं म्हणत नाही.

तैवानमध्ये ही कला गेली शंभरेक वर्षं ज्या वळणांवरून आली, ती बघितली की ‘परंपरा’ या शब्दाबद्दलच्या आपल्या कल्पना जरा हलतात.

देवळापुढच्या अंगणात, उत्सवाच्या दिवशी, देवाला आणि गावाला एकदमच दाखवायचा हा खेळ. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. १९३७ नंतर, युद्धाच्या काळात, तैवानी लोकांना ‘जपानी’ करण्याची मोहीम निघाली आणि पारंपरिक खेळांवर बंदी आली. ज्यांना परवानगी मिळाली त्यांना बाहुल्यांना किमोनो चढवून जपानी गोष्टी कराव्या लागल्या. त्या पिढीतले सगळ्यात गाजलेले कलाकार ली तिएन-लू (१९१० ते १९९८). त्यांच्या आयुष्यावर हौ श्याओ-श्येन या दिग्दर्शकाने केलेल्या चित्रपटाला १९९३ साली कान महोत्सवात ज्यूरी पुरस्कार मिळाला.

युद्धानंतर खेळ देवळापुढून तिकीट लावलेल्या थिएटरांत शिरला, आणि तिथे स्पर्धा सुरू झाली. तिकीट काढून आलेल्या माणसाला रोज नवं काहीतरी हवं. मग रंगीत झोत, धूर, ग्रामोफोनवरचं पाश्चात्त्य संगीत, उडते योद्धे. या भडक शैलीला ‘जिनग्वांग’ म्हणजे ‘सोनेरी झळाळी’ असं नाव पडलं. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली असतीलच. पण आज ज्याला आपण कौतुकाने पारंपरिक म्हणतो, त्यातलं बरंचसं याच गल्लाभरू शैलीतून आलंय.

मग टीव्ही आला. युनलिन जिल्ह्यातल्या हुवेई गावचे ह्वांग हाय-ताय हे मोठे बाहुलीकार, १९०१ चा जन्म, २००७ पर्यंत जगले. त्यांचे चिरंजीव ह्वांग चुन-श्युंग यांनी १९७० मध्ये शी येन-वेन नावाच्या विद्वान योद्ध्याची मालिका टीव्हीवर आणली. ती इतकी चालली की तिचा प्रेक्षकवाटा ९७ टक्के होता असं आजही तिथे सांगतात. रामायण-महाभारताच्या वेळी आपले रस्ते ओस पडायचे, तसंच काहीसं, फक्त रविवारची सुट्टी नसताना. शेवटी १९७४ मध्ये सरकारने ही मालिका बंद केली. कारण दिलं ते असं की शेतकरी-कामगारांच्या कामात व्यत्यय येतो! या सरकारी कारणाच्या मागे आणखी एक गोष्ट होती. राज्यकर्त्यांची भाषा मँडरिन होती आणि बाहुल्या घरची होक्कियन बोलत होत्या. घरच्या भाषेतला खेळ एवढा लोकप्रिय होणं कुणाला तरी खुपत होतंच.

या घराण्याची पुढची पिढी म्हणजे ह्वांग च्यांग-हुआ आणि ह्वांग वेन-त्से हे भाऊ. त्यांनी १९८० च्या दशकात ‘पिली’ या नावाने मालिका सुरू केली, आधी टीव्हीवर, मग भाड्याने मिळणाऱ्या व्हिडिओ कॅसेटवर. पिली म्हणजे विजेचा कडकडाट. ‘थंडरबोल्ट’ हा शब्द आला तो इथून. एक भाऊ गोष्टी रचायचा, दुसरा आवाज द्यायचा. आवाज म्हणजे सगळ्यांचा. नायक, खलनायक, म्हातारी, राजकन्या, राक्षस, निवेदक, सगळे एकटे ह्वांग वेन-त्से. त्यांचं २०२२ मध्ये निधन झालं. अर्धवटरावांचा आवाज रामदास पाध्यांचा आहे हे ठाऊक असूनही आपण उत्तराची वाट अर्धवटरावांकडे बघूनच पाहतो ना? तिथे असे अर्धवटराव शेकड्यांनी होते.

कॅमेऱ्यामुळे बाहुलीही वाढली. एका फुटाची बाहुली पडद्यावर जवळून दाखवली तर तिच्या कपड्याची शिवणच डोळ्यात भरते. पिलीच्या बाहुल्या अडीच-तीन फुटांच्या झाल्या. एवढी मोठी बाहुली नुसत्या बोटांनी चालेना. म्हणून एक हात आत, मान आणि धड सांभाळायला. दुसऱ्या हाताने बाहुलीच्या हाताला जोडलेली सळई धरायची. रुंद, लोंबत्या बाह्या इथे कामाला येतात, सळई त्यांच्या आत दडते. खेळवणारा खाली, चौकटीच्या बाहेर, हात डोक्याच्या वर उचलून उभा. पूर्ण अंगाचं दृश्य असेल तर पाय हलवायला आणखी एक जण. आणि उडी मारायची असली की अजूनही तीच जुनी रीत : बाहुली हवेत भिरकावायची, कॅमेरा तयार ठेवायचा.

लढाईचं आकर्षण यातच आहे, असं माझं मत. अ‍ॅनिमेशनमध्ये सगळं शक्य असतं, म्हणून कशाचंच फार नवल वाटत नाही. माणसांच्या चित्रपटात तारा लावून नट उडवला तरी त्याच्या अंगाला माणसाचं वजन असतं, ते लपत नाही. बाहुली या दोघांच्या मधली. तिला वजन आहे, पण माणसाचं नाही. कापड खरं, म्हणून वळताना ते हवेत फुलतं. केस खरोखर उडतात, एखादी बट चुकीच्या बाजूला जाते आणि तशीच राहते. आणि ती फुटू शकते. पहिल्याच भागात गुंडांच्या चिंधड्या उडतात, जिवंत माणसांच्या बाबतीत ते बघवलं नसतं. इथे भाची टाळ्या पिटत होती. (तिच्या आईला हे सांगितलेलं नाही.)

एक तक्रारही आहे. संगणकावरचे झगमगते झोत कधी कधी इतके होतात की त्यामागे हाताची कसरत झाकली जाते. माझं लक्ष तेव्हा पडद्यावरून उडतं. दोघं जण झाडाखाली बसून नुसतं बोलत असतात, ते प्रसंग मला जास्त धरून ठेवतात.

आता जपानी लेखक या सगळ्यात कसा आला? गेन उरोबुची हे अ‍ॅनिमेच्या जगातलं मोठं नाव, गोड दिसणाऱ्या गोष्टीला अचानक काळीकुट्ट कलाटणी देणारा लेखक अशी ख्याती. २०१४ मध्ये ते एका कार्यक्रमासाठी तैवानला गेले, तिथे पिलीच्या बाहुल्यांचं प्रदर्शन बघितलं आणि भारावून परत आले. मग कथा-पटकथा त्यांची, पात्रांची रेखाटनं त्यांच्या नायट्रोप्लस या कंपनीच्या चित्रकारांची, संगीत हिरोयुकी सावानोंचं, आणि बाहुल्या, सेट, चित्रण पिलीचं, अशी वाटणी झाली. जपानला बाहुल्यांचं वावडं नव्हतंच. त्यांचं स्वतःचं बुनराकू आहे, ज्यात एका बाहुलीला तीन-तीन माणसं खेळवतात, तीही प्रेक्षकांसमोर. १९८० च्या दशकात तिथल्या सार्वजनिक टीव्हीवर चीनच्या तीन राज्यांची गोष्ट बाहुल्यांनीच सांगितली गेली होती.

पण किमोनो घातलेल्या त्या बाहुल्या आठवून बघा. तेव्हा जपानी गोष्ट तैवानी हातांवर लादली गेली होती. ऐंशी वर्षांनी एक जपानी लेखक स्वतःहून येतो, आणि लिहितो ती गोष्ट चिनी ढंगाची, चिनी नावांच्या पात्रांची. कुणी भाषण न देता झालेली ही फिट्टंफाट मला मालिकेतल्या कुठल्याही कलाटणीपेक्षा मोठी वाटते.

गोष्टीचा प्रकार ‘वुशिया’, म्हणजे भटक्या योद्ध्यांच्या कथा. यातलं जग ‘जियांगहू’, शब्दशः नद्या-सरोवरं. राजदरबाराच्या आणि कायद्याच्या बाहेरचं, शब्द, उपकार आणि सूड यांवर चालणारं जग. म्हणून छत्रीची उधारी ही तिथे थट्टा नसते. दान फेईचं घराणं एका दैवी तलवारीचं राखणदार. मूठ एकाकडे, मुठीखालची आडपट्टी दुसऱ्याकडे, दोन्ही एकत्र आल्याशिवाय तलवार निघत नाही. मिये तियान हाय हा खलनायक तलवारींचा हावरट संग्राहक. एवढं कळलं की पुढचं आपसूक कळतं. ‘बु हुआन’ या नावाचा अर्थ साधारण ‘काळजी न करणारा’, आणि ‘श्वे या’ म्हणजे बर्फातला कावळा. कावळ्यावर किती विश्वास टाकायचा ते तुम्ही ठरवा.

पात्रं रंगमंचावर येताना स्वतःची ओळख कवितेच्या ओळींत करून देतात, हाही पिलीचा जुना रिवाज. दोन-चार ओळी, छंदात, पूर्ण गांभीर्याने. कुणी हसत नाही. हे गांभीर्य किती मोलाचं, याचा पुरावा उलट्या बाजूने मिळतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कने पिलीचीच एक मालिका काटछाट करून, इंग्रजीत विनोदी संवाद भरून दाखवली. बाहुल्या त्याच, हात तेच. दोन भागांत गुंडाळावी लागली. बाहुली स्वतःची चेष्टा करू लागली की प्रेक्षकाचं ते अर्धं काम थांबतं. मग उरतं ते रंगवलेलं डोकं आणि कापड.

तैवानमध्ये पिलीचे चाहते एकमेकांना ‘दाओयू’ म्हणतात, म्हणजे एकाच पंथाचे सोबती. मेळाव्याला ते आपापल्या बाहुल्या सजवून, कडेवर घेऊन येतात. मला हे ऐकून आधी हसू आलं होतं.

भाचीला मी शेवटी उत्तर दिलं ते रुमाल हातावर टाकून. तिने माझ्या हातातून तो ओढून घेतला, पिंगपाँगच्या चेंडूला भोक पाडून तर्जनीवर बसवला, स्केचपेनने फक्त दोन डोळे काढले. तोंड काढलं नाही. आता ती बाहुली रोज संध्याकाळी दिवाणखान्यात चालते, अजून तिरकीच चालते, आणि मधलं बोट दुखायला लागलं की सोफ्याच्या हातावर टेकून विश्रांती घेते. काल तिने माझ्याकडे वळून मान खाली घातली. मी विचारलं, काय झालं गं हिला? भाची म्हणाली, ‘तूच सांग.’